बारा बोअरची दुनळी अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुतली तर चालते का?

होटगीरोड_पंपवाला

नमस्कार मंडळी. सोलापुरात होटगी रोडला माझं डिझेल पंप आणि इंजेक्टरचं दुकान आहे, शेत मंद्रूपकडं. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी दुनळी आहे. बारा बोअर, घोडे आतले. रानडुकरं उसातनं हुसकायला वर्षाकाठी एखाद-दुसरा बार निघतो, बाकी वेळ कपाटात.

२०२४ ला लोकसभेच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा केली. मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला, पण बंदूक हातात येईपर्यंत पाऊस लागला होता. मग विधानसभा आली, परत जमा. दोन्ही वेळेला कॅनव्हासच्या खोळीत घालून दिली आणि तशीच खोळीत परत आली. ठाण्याचं नाव घेत नाही. त्यांच्याकडं एवढ्या बंदुका, कोण कुणाची पुसत बसणार? आता नळ्यांवर जिथं हात धरतो तिथं तांबूस ठिपके आलेत. उजेडाकडं धरून नळीत बघितलं तर करड्या रेघा दिसतात. मोडायची, म्हणजे काडतूस घालायला नळ्या खाली झुकवून उघडायची वरची कळ जड झालीय, अर्ध्यात अडकते.

दुकानात सहा लिटरची अल्ट्रासोनिक मशीन आहे, ४० किलोहर्ट्झ, हीटरवाली. काजळीनं भरलेली नोझलं तिच्यातनं अशी निघतात की गिऱ्हाईक विचारतं, बदलली का काय. तर म्हटलं बंदूकही त्यातच काढावी. नळ्या आडव्या मावत नाहीत, पण उभ्या धरून आधी एक टोक, मग दुसरं, असं बुडवून चालेल का? पाण्यात काय घालू? आमच्या टाकीत कॉस्टिकचं पाणी असतं, कधी कधी पोरं सरळ डिझेलच ओततात. आणि ह्यात गंज निघतो का?

लाकूड घालणार नाही, तेवढी अक्कल आहे.

सराफकट्टा_७

मालक, बिनधास्त घाला की. आमच्याकडं दिवसभर तेच चालतं. बांगड्या, साखळ्या, जोडवी, पाच मिनिटांत मळ ढगासारखा बाहेर येतो. फक्त मोती, पोवळं, पाचू घालायचं नाही. बंदुकीत ते काही नसतंय. तुमची मशीन लहान पडत असली तर आमच्याकडं लांब टाकी आहे, या घेऊन.

माजी_आर्मोरर

पंपवाले, थांबा जरा. सराफ भाऊंचा सल्ला मनापासूनचा आहे, पण सोनं गंजत नाही आणि बांगडीला पट्टी नसते. बंदुकीला असते.

मी फौजेत ईएमई म्हणजे दुरुस्तीच्या शाखेत आर्मोरर होतो, हत्यारं दुरुस्त करणारा. हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता सोलापुरातच एका बँकेत गार्ड आहे, खांद्याला स्वतःच्या परवान्याची बारा बोअर. बँकेच्या गार्डला निवडणुकीत बहुतेक वेळा सूट मिळते, त्यामुळं माझी तुमच्यासारखी खोळीत सडत नाही.

काही करायच्या आधी बंदूक मोडा, दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. काडतुसं त्या खोलीत नकोतच. मशीनमध्ये जिवंत काडतूस कधी जायचं नाही, वरून चिकट झालंय म्हणून "जरा धुऊन घेतो" असंही नाही. हसू नका, असं विचारणारे भेटलेत.

आता नळ्या. दुनळीत दोन नळ्या शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्या मधल्या खाचेवर वरून एक, खालून एक पट्टी बसवलेली असते. ती पट्टी वेल्डिंगनं नाही, मऊ झाळणानं धरलेली असते, म्हणजे कथिल-शिशाच्या डागानं. पट्टीच्या आत, नळ्यांच्या मधोमध, टोकापर्यंत पोकळी. झाळण कुठं बारीकसं जरी सुटलं असेल तरी मशीनचे बुडबुडे पाणी तिथं ढकलणार. अल्ट्रासोनिकचं कौतुकच ते, जिथं ब्रश पोचत नाही तिथं पाणी पोचतं. बाहेर मात्र ते तसं येत नाही. बाहेरनं चकचकीत, आतनं नळी पट्टीखाली कुजत राहते, आणि ते दिसतं कधी, तर पट्टी उचलली जाते तेव्हा. एक टोक आधी, दुसरं मागनं, ही युक्ती तर सगळ्यात वाईट, पाणी एका बाजूनं आत घालून दुसऱ्या बाजूला घालवल्यासारखं.

दुसरं, तुमचं कॉस्टिक. रायफलची नळी ज्या गरम खाराच्या कढईत काळी करतात, त्या कढईत दुनळी घालत नाहीत, कारण तो खार पट्टीचं झाळण खातो. म्हणून चांगले कारागीर दुनळीला सावकाश गंज चढवून, उकळून, घासून, परत चढवून काळी करतात. तुमच्या टाकीतलं पाणी त्या कढईएवढं तेज नसेल, पण जात तीच. शिवाय फोर-एन्डचा (नळ्यांखालचं पुढचं लाकूड) धातूचा भाग किंवा ट्रिगर गार्ड ॲल्युमिनियमचा असला तर कॉस्टिक त्यालाही काळं करून खाऊन टाकतं.

डिझेलबद्दल पोरांना आजच सांगा. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेते ते, किमान ३५ अंश ठेवलाय. सोलापूरचा मे महिनाच ४३-४४ ला जातो, त्यात तुम्ही हीटर लावणार आणि शेजारी कुणीतरी ग्राइंडर चालवणार. पेट्रोल, थिनर, रॉकेल, डिझेल, काहीच टाकीत नाही. टाकीत पाणी आणि पाण्यात विरघळणारं साबणासारखं उदासीन द्रावण, बास.

गंजाचं म्हणाल तर मशीन गंज काढत नाही. ती तेल, काजळी, सुटलेली धूळ काढते. टाकीत गंज काढायचा तर आम्ल घालावं लागतं. लोक व्हिनेगर घालतात, फॉस्फरिकवालं रसायन घालतात, आणि मग ओरडतात की नळी पांढरी पडली. पडणारच. नळीवरचा काळा-निळा रंग हा लोखंडाचाच ऑक्साइड आहे, आम्लाला तांबडा गंज आणि काळा गंज यातला फरक कळत नाही. दोन्ही धुऊन नेतं.

तुमच्या ठिपक्यांना हे करा. नळ्या काढा, ठिपक्यांवर पातळ तेल लावून रात्रभर ठेवा. शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. सकाळी सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून, बोटाच्या टोकानं, जोर न देता, नळीच्या लांबीत फिरवा. तेल तपकिरी होईल, पुसा, परत तेल. मध्येच थांबून फडक्यानं पुसून बघत चला. तांबडं गेलं आणि खालचा काळा राहिला की हात काढा. खड्डा पडला असेल तर तो तसाच राहू द्या. खड्डा घासून काढायला जाल तर आजूबाजूचा रंगही जाईल.

नळीच्या आतल्या करड्या रेघा मला शिशाच्या आणि प्लास्टिक वॉडच्या (काडतुसात दारू आणि छऱ्यांच्या मधे असतं ते बूच) वाटतात, गंज नाही. आपली खडकीची काडतुसं मारा किंवा कुठलीही, वॉड प्लास्टिकचं असलं की चेंबरच्या पुढं पातळ थर धरतोच. फॉस्फर ब्रॉन्झचा बारा बोअरचा ब्रश, सॉल्व्हंट, चेंबरकडून तोंडाकडं ढकला, पुरा बाहेर काढा, मगच मागं. मग फ्लॅनलची चिंधी, फौजेत आम्ही तिला फोर बाय टू म्हणायचो, कारण कापड चार इंच बाय दोन इंच कापायचं. चिंधी पांढरी येईपर्यंत. शेवटच्या चिंधीला तेल, तेही इतकं थोडं की बोट फिरवलं तर ओलावा लागेल, थेंब नाही.

मशीन अगदी वाया नाही. तीत घालण्याजोगं तुमच्याकडं फोर-एन्डचं लोखंड आहे (लाकडातनं सोडवून), बाहेरचे स्क्रू आहेत, ब्रशच्या दांड्याची जोडणी आहे. पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं तेच. आपल्या बोअरवेलच्या पाण्यानं पांढरा थर धरेल. आधी मशीन रिकामीच पाच-दहा मिनिटं चालवा म्हणजे पाण्यातली हवा निघून जाते, नाहीतर बुडबुडे जोर धरत नाहीत. ४५-५० अंश पुरे. भाग जाळीत, तळाला टेकता कामा नये. तीन-चार मिनिटं, बघा, लागलं तर परत. निकेल चढवलेला भाग घालू नका, कुठं पापुद्रा सुटलेला असला तर पुरा निघेल.

खरं काम पुढं आहे. मशीनमधनं निघालेलं लोखंड उघडं असतं, त्यावर तेलाचा कणही नसतो. गरम स्वच्छ पाण्यातनं काढा, लगेच हवा मारा. तुमच्या कॉम्प्रेसरचा पाण्याचा सापळा आधी रिकामा करा, नाहीतर हवेबरोबर पाणीच माराल. मग हेअर ड्रायरनं हाताला चटका बसेल इतकं तापवा आणि गरम असतानाच तेलात बुडवा. रात्रभर राहू द्या. "वाळलंय की" म्हणून तसंच ठेवलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत तांबडं दिसतं.

अडकणारी कळ हा दुसरा विषय आहे. आत लॉक आहे, स्प्रिंगा ताणलेल्या असतात, आणि त्या स्क्रूंच्या खाचा इतक्या अरुंद असतात की बाजारातला स्क्रूड्रायव्हर बसतच नाही, तोंड मारून ठेवाल. कळीच्या खाली दोन थेंब तेल सोडा, दहा-वीस वेळा फिरवा. नाही सुटली तर परवान्याच्या गनस्मिथकडंच. मी सांगतो, पण मी उघडत नाही. दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो आणि माझ्याकडं तो नाही.

आणि एक तपासणी. नळ्या लाकडापासून सोडवा, खालच्या हुकाला बोट अडकवून लोंबत्या धरा आणि सुक्या लाकडाच्या तुकड्यानं, उदाहरणार्थ पेन्सिलनं, वेगवेगळ्या ठिकाणी टोका. पट्टी घट्ट असेल तर देवळातल्या घंटेसारखा आवाज लांब घुमतो. कुठं भदभद आली तर तिथं झाळण सुटलंय. ते टोकून बघा आणि काय आवाज आला ते इथं लिहा.

सराफकट्टा_७

बाप रे. पट्टीचं माहीतच नव्हतं. लांब टाकीचं आमंत्रण मागं घेतो.

नेमबाजाची_आई

माझा मुलगा पॉइंट टू टू रायफल मारतो, बालेवाडीला सरावाला असतो. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय नाही. म्हणून बोलते.

सराफ भाऊंनी आमंत्रण मागं घेतलं ते बरं झालं, पण कारण दुसरंही आहे. शिसं. गोळ्यांचं आणि छऱ्यांचं शिसं असतंच, आणि बहुतेक काडतुसांच्या बुडाला ठोका बसून पेटणाऱ्या टोपीतसुद्धा शिशाचं संयुग असतं. ते सगळं त्या पाण्यात उतरतं. ज्या टाकीत बंदुकीचे भाग धुतले तिच्यात मंगळसूत्र नको, चष्मा नको, दातांची कवळी तर मुळीच नको. आमच्याकडं मुलाची टाकी वेगळी, तिच्यावर लाल पट्टी चिकटवलीय, आणि ती स्वयंपाकघरात येत नाही म्हणजे नाही. हातमोजे घालतो, झाल्यावर हात आधी गार पाण्यानं आणि साबणानं. गरम पाण्यानं लगेच धुऊ नये असं त्याच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाकणाच्या डब्यात साठवायचं.

आणि मुलगासुद्धा नळी टाकीत घालत नाही. फक्त बोल्टचे, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणाऱ्या दांड्याचे भाग. एअर पिस्तूल आणि एअर रायफल तर अजिबातच नाही, त्यातल्या रबरी सीलची वाट लागते. दुर्बीण, डायॉप्टर (बारीक भोकातनं नेम धरायची साइट), चकाकणाऱ्या ठिपक्याच्या साइट्स यांना टाकीच्या जवळ आणायचंसुद्धा नाही.

होटगीरोड_पंपवाला

आर्मोरर काका, जसं सांगितलंत तसंच केलं. पहिल्यांदा पोरांसमोर डिझेलचा कॅन उचलून बाहेर ठेवला. एकजण म्हणाला, "मालक, इतके दिवस काय झालं नाही." त्याला हीटरच्या तारेचा जळका भाग दाखवला, गप्प झाला.

मशीनचा जोर बघायला आमची नेहमीची ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी पाण्यात धरली, अर्ध्या मिनिटात चाळणी झाली. फोर-एन्डचं लोखंड घातलं. वडिलांच्या वेळेपासूनचा तपकिरी चिकटा त्याच्या कोपऱ्यातनं धुरासारखा निघाला. खालनं निघाला एक नंबर, कारखान्याचा असणार, आजवर दिसलाच नव्हता. तापवून तेलात टाकलं. तुमचं "संध्याकाळपर्यंत तांबडं" खरं की खोटं म्हणून एक भंगारातला नोझल नट सोबत धुतला आणि मुद्दाम तेल न लावता टेबलावर ठेवला. दुपारी कुलरची हवा लागत होती त्यावर. दिवे लागायच्या वेळेला कडेनं नारंगी रेघ दिसायला लागली. पोरं बघत बसली होती त्याच्याकडं.

नळ्या घरीच, वडील शेजारी बसून. ठिपके स्टील वूलनं नव्वद टक्के गेले. पकडीच्या जागी दोन खड्डे राहिले, ते तसेच सोडले. आतल्या रेघा ब्रॉन्झ ब्रशनं निघाल्या, प्लास्टिकच होतं, चिंधीवर करडे कण आले. लाकडावर जवसाचं तेल घासलं, आईनं आठवण केली म्हणून.

पण टोकून बघितलं तर मागच्या अर्ध्यात आवाज घुमतो, पुढं तोंडाजवळ वीतभर भागात नाही. तिथं बद्द येतो. दोन-तीनदा करून बघितलं, वडिलांनी पण टोकून बघितलं. आता काय करू? आणि एक, परवाना वडिलांच्या नावावर, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे, दुकानापर्यंत येणं जड जातं. मी एकटा घेऊन गेलो तर चालतं का?

माजी_आर्मोरर

तोंडाजवळ बद्द म्हणजे पट्टी तिथं सुटलीय. बरं झालं पाण्यात बुडवली नाहीत. त्या जागी तेलाचा थेंबही सोडू नका, आत शिरलं की झाळण परत धरत नाही, कारागिराला आधी ते तेल काढावं लागतं. आणि तोपर्यंत बार काढू नका.

बंदुकीचं झाळण पंपाच्या पत्र्याला देतात तसं गॅसच्या नळ्यानं द्यायचं नसतं. तुमच्या दुकानात ब्लो लॅम्प असेल म्हणून सांगतो. एका जागी जास्त उष्णता लागली तर नळ्या वाकतात, आणि शेजारचं चांगलं झाळण वितळून पट्टी आणखी सुटते. पट्टी बसवणं हे परवान्याच्या गनस्मिथचंच काम. सोलापुरात न झालं तर पुण्यापर्यंत जावं लागेल. देताना विचारा, दुनळीची पट्टी बसवता का, आणि नंतर काळी कशी करता. गरम कढईत म्हणाला तर उठून या.

नेण्याचं: शस्त्र कायदा १९५९, कलम ३. परवानाधारक सोबत असला, किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असला, तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी शस्त्र नेऊ शकतो. म्हणजे वडिलांचं सहीचं पत्र, त्यात बंदुकीचा नंबर, कुठल्या कामासाठी, कुणाकडं, कोणत्या तारखेला. त्याबरोबर मूळ परवाना. बंदूक मोडून, दोन भाग वेगळे, खोळीत. काडतूस एकही नाही. वाटेत शेतावर नाही, पाहुण्यांकडं नाही, चहाला नाही. आणि तिथं ठेवून येणार असाल तर दुकानदाराकडनं पावती घ्या, पुढच्या आचारसंहितेत बंदूक कुठंय म्हणून विचारलं तर तीच दाखवायची.

जवसाचं तेल लावलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकलंय का? असेल तर आत्ता उठा आणि अंगणात पसरून वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. ते तेल वाळताना तापतं, चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं.

होटगीरोड_पंपवाला

फडकं बंबाशेजारच्या बादलीत होतं. काढून दोरीवर टाकलं.

नूतनीकरणाची तारीख पण जवळ आलीय, म्हणून पत्रात दोन्ही कामं लिहितोय. कॅनव्हासची खोळ उन्हात टाकलीय. तिच्या आतलं अस्तर ओलसर लागत होतं, एवढ्या उन्हाळ्यातसुद्धा. काका, ती परत वापरू का नवी घेऊ?

माजी_आर्मोरर

खोळ फक्त नेण्या-आणण्यापुरती. कपाटात बंदूक खोळीशिवाय, तेलाचा पातळ हात दिलेली, तोंड खाली करून उभी, म्हणजे तेल लाकडात मुरत नाही. आणि परत जमा करायची वेळ आली तर जायच्या आदल्या रात्री नळ्यांना नेहमीपेक्षा जाडसर तेल द्या, मेणकापडात गुंडाळा, त्यावर खोळ. परत आणल्या दिवशीच उघडून पुसायची.